आज वाहनं दोनच

राजारामपुरीतले अभिनंदन मगदूम कुणालाही 'नाही' म्हणत नसत. ते अट घालत. अट अशी निवडून घालत की ती पुरी होऊ नये आणि नकाराचं पापही आपल्या माथी येऊ नये. थोरल्या मुलानं, चिरागनं, मोटरसायकल मागितली, तेव्हा आधी आईला मागं बसवून जोतिबाचा डोंगर चढून दाखव, मग घेऊ, असं त्यांनी सांगितलं होतं. आई काही बसल्या नाहीत, आणि चिराग अजून त्यांचीच जुनी स्कूटी फिरवत होता. घरात मोटारही नव्हती. मोटार आली की माणूस फिरायला लागतो आणि दुकान बसतं, असं अभिनंदनरावांचं मत होतं. दुकान पाइपांचं होतं, टेंपो दुकानाचा होता, आणि त्यात पाइपांशिवाय कुणी बसायचं नाही असा दंडक होता.

त्यामुळे धाकट्या मुलीनं, प्राचीनं, जेवताना सांगलीचा विषय काढला तेव्हा तिलाही फारशी आशा नव्हती. 'सातवा मजला' हा चार पोरांचा बँड. त्यांची गाणी कानात घालून तिनं अकरावीचं अख्खं रसायनशास्त्र पार पाडलं होतं. रविवारी चार वाजता त्यांचा कार्यक्रम सांगलीच्या एका कॉलेजच्या मैदानावर होता. मैत्रीण अनुजानं दोघींची तिकिटं काढून ठेवली होती, पण अनुजा मामाच्या मोटारीतून जाणार होती आणि त्या मोटारीत मामाचीच पोरं मावत नव्हती. जूनपासून बारावी लागणार. बारावीत गाणं नाही, सिनेमा नाही, लग्नसुद्धा फक्त सख्ख्यातलं, हे अभिनंदनरावांनी आधीच जाहीर केलेलं. म्हणजे ऐकायचं तर याच रविवारी.

"सांगलीला? जा की," अभिनंदनराव म्हणाले. "फक्त जाताना-येताना घरातलं मोठं माणूस संगं पायजे."

एवढं बोलून त्यांनी ताकाची वाटी तोंडाला लावली. रविवारी दुकानात मालाची मोजदाद असल्यामुळे ते स्वतः मोकळे नव्हते. आईंना एसटीचा नुसता धूर आला तरी मळमळायचं. चिराग कॉलेजात जात असला तरी त्याला मोठं माणूस असं घरात कुणी म्हणत नव्हतं. हिशोब पक्का होता.

"मी जातो तिच्यासंगं," देवघरातून आवाज आला.

आवाज इतका हळू होता की अभिनंदनरावांना आधी तो आपल्या मनातलाच वाटला. मग त्यांनी वाटी खाली ठेवली.

देवघराच्या उंबऱ्यात अक्काताई बसल्या होत्या. या अभिनंदनरावांच्या थोरल्या बहीण, प्राचीची आत्या. ऐन तिशीत कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून भावाकडेच होत्या. त्यांनी आवाज चढवलेला राजारामपुरीत कुणी ऐकला नव्हता. भाजीवाला त्यांचा भाव ऐकायला गाडीवरून वाकायचा, आणि वाकला की कमी करूनच सरळ व्हायचा. सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शन, दुपारी स्वाध्याय, संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवण, यात वर्षानुवर्षं फरक नव्हता. घराबाहेर पडायच्या त्या फक्त महिला मंडळाच्या भजनासाठी. तेवढं एक त्यांनी मनाला लावून घेतलेलं. गेल्या वर्षीच्या स्पर्धेत त्यांच्या मंडळानं आणि शाहूपुरीच्या मंडळानं एकाच सिनेमाची चाल भजनाला लावली होती, आणि शाहूपुरीवाल्या आधी गायल्या. त्याच आठवड्यात अक्काताईंनी साखर सोडली. मंडळातल्या बाया त्याचा संबंध स्पर्धेशी लावत. अक्काताई म्हणत, डॉक्टरांनी सांगितलंय.

"अक्का, तिथं नुसता दणदणाट असतोय," अभिनंदनराव म्हणाले.

"असू दे की. पोरीची हौस हाय."

"कान फुटतील तुझे."

"देवानं दोन दिल्यात," असं म्हणून अक्काताईंनी माळ पुढं ओढली. माळ हातात आली की विषय संपला, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

रविवारी सकाळी प्राची आपणहून आत्याबरोबर बस्तीत गेली. असा आनंद झाल्यावर देवाला तोंड दाखवल्यावाचून राहणं बरं दिसलं नसतं. अक्काताई रोज देवासमोर उभ्या राहून त्या दिवसापुरता नियम घेत. आज धान्यं किती, फळं किती, वस्त्रं किती, वाहनं किती. तोंडून निघालं तेवढंच वापरायचं, आणि उरलेल्या सगळ्या जगावरचा हक्क दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत सोडून द्यायचा. सोडलेल्या गोष्टींची याद येत नाही, असं त्या म्हणत, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते खरं वाटे.

अक्काताई हात जोडून पुटपुटत होत्या. शेजारी प्राची डोळे मिटून उभी होती. तिच्या मिटल्या डोळ्यांपुढं केस धुऊन सोडायचे की बांधायचे हा प्रश्न होता. मध्येच तिला भरून आलं. एवढं मोठं काम झालंय, आपणही देवाला काहीतरी द्यायला पाहिजे.

"देवा, सुखरूप कार्यक्रमाला पोचीव," ती चांगली ऐकू जाईल अशी म्हणाली, "आज आत्याचा जो नियम, तोच माझा."

अक्काताईंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

बस्तीबाहेर चिराग स्कूटी लावून कुणाशी तरी बोलत उभा होता. केस धुवायला उशीर नको म्हणून प्राची त्याच्या मागं बसली आणि गल्ली ओलांडून घरी आली. अक्काताई आपल्या चालत आल्या.

निघायच्या वेळेला खरं काय ते कळलं. चिराग दोघींना एकेक करून स्टँडवर सोडतो म्हणाला, तर अक्काताईंनी मान हलवली. प्राचीनं रिक्षाला हात केला, तर त्यांनी तो हात हळूच खाली घेतला.

"चालत जाऊया. आज वाहनं दोनच धरल्यात. जायची एक येष्टी, यायची एक येष्टी."

प्राचीनं पांढऱ्याशुभ्र नव्या बुटांकडे बघितलं. मग परीख पुलाखालचा चिखल आठवून तिनं पँट दोन घड्या वर केली आणि चालायला लागली. स्टँड काही परमुलखात नव्हता. आणि आत्या आली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं, एवढी तिला समज होती.

सांगलीची गाडी लागलेलीच होती. खिडकीची जागा मिळाली, गार वारा लागला, आणि शिरोलीचा पूल मागं पडला तेव्हा प्राचीला आपण जिंकल्यासारखं वाटलं. कंडक्टर स्वप्नाली ही तिशीची, चटपटीत बाई तिकिटं फाडून पुढं गेली. अक्काताईंनी पिशवीतून माळ काढली, एक फेरी पूर्ण केली आणि सहज म्हणाल्या, "माझं हे पैलं वाहन. तुझं दुसरं."

"माझं दुसरं कसं?"

"सकाळी चिरागच्या गाडीवर बसलीस न्हवं बस्तीतनं?"

प्राचीच्या हातातला फोन मांडीवर पडला. "मी कुठं नियम... म्हणजे मी घेतला, पण मला आकडा म्हाईत नव्हता की, आत्या."

"देवासमोर म्हणालीस, आत्याचा जो नियम तोच माझा. मला बरं वाटलं."

"मग मी स्कूटीवर बसताना का न्हाय सांगितलंस?"

"तू केस धुवायच्या गडबडीत होतीस. गडबडीत असल्या माणसाला धर्म सांगू न्हाय."

प्राचीनं उसाच्या फडांकडे बघत हिशोब मांडला. जाताना हे वाहन झालं. येताना काय? मग तिनं ठरवलं, येतानाचं येताना. आधी गाणी. रसायनशास्त्रातही ती एका वेळी एकच प्रश्न सोडवत असे.

आणि एकदम तिला दुसरी भीती वाटली. त्या नियमात गाण्याचाही एक रकाना असतो, हे तिनं लहानपणी ऐकलं होतं. तिनं घसा साफ केला. "आत्या, आज गाण्याचं किती धरलंयस?"

"गाण्याला मोकळीक ठेवलीय. गाण्यालाच निघालोय न्हवं? एवढं कळतंय मला."

प्राचीनं श्वास सोडला. तेवढ्यात गाडीनंही सोडला. हातकणंगले मागं टाकून गाडी जयसिंगपूरच्या वाटेला लागली होती, तर पुढच्या बाजूनं पांढरी वाफ उसळली आणि ड्रायव्हर कृष्णात यांनी गाडी रस्त्याकडेला घेतली. उतरून त्यांनी पुढं डोकं घातलं, बाहेर काढलं आणि जाहीर केलं की रेडिएटरची नळी फाटलीय, पाणी ठरत नाही.

स्वप्नालीनं मागून येणाऱ्या सांगलीच्या गाडीला हात केला. बिचारी थांबलीही. "चला, आपल्याच तिकिटावर बसायचंय, चला लवकर," म्हणत तिनं सगळी माणसं, दोन टोपल्या आणि एक सायकल पलीकडे चढवली. मागं वळून बघते तर दोन बायका आपापल्या जागेवर बसलेल्या.

"मावशी, उतरा की."

"मी उतरतो," अक्काताई म्हणाल्या, "पण ह्या पोरीला उतरता येत न्हाय. हिची वाहनं संपल्यात."

स्वप्नालीला पास संपल्यासारखं काहीतरी वाटलं. ती म्हणाली, वेगळं तिकीट लागत नाही. तेव्हा अक्काताईंनी तिला जवळ बोलावून सगळा नियम समजावून सांगितला. आवाज हळू असल्यामुळे पलीकडच्या गाडीतले लोकही खिडकीतून वाकले, आणि त्यांनाही जवळजवळ सगळं कळलं.

प्राचीनं तोवर विचार केला होता. "आत्या, तिकीट तेच हाय. रस्ता तोच हाय. मग वाहन तेच धरलं तर?"

"तिकीट तेच हाय गं," अक्काताई मायेनं म्हणाल्या, "चाकं येगळी हायत."

पलीकडच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि निघून गेला. त्याच्या धुळीतून एक पांढरी मोटार आली, पुढं गेली, थांबली आणि मागं आली. काच खाली झाली. आत अनुजा होती, आणि तिचे मामा विजयसिंह. मामाच्या पोरांना सकाळीच ताप भरला होता. मागची सीट मोकळी. आतून गार हवेचा झोत आला.

"बस की लवकर," अनुजा म्हणाली. "काय बघायलीस?"

प्राची बघत होती. गेला महिनाभर तिनं झोपेत ही मोटार बघितली होती, अशीच थांबलेली, अशीच मागची सीट मोकळी असलेली. तिनं आत्याकडे पाहिलं.

"नियम तुझा हाय," अक्काताई म्हणाल्या. "मोडायचा असंल तर मोड. मी कुणाला सांगायची न्हाय."

त्या रागावल्या असत्या तर प्राची मोटारीत बसली असती. वाद घातला असता, अजाणतेपणी झालं म्हणाली असती. पण यापुढं बोलायला काही जागाच नव्हती. आणि देवाला आपण काय म्हणालो होतो तेही तिला शब्दशः आठवत होतं. सुखरूप पोचीव, त्याच्या बदल्यात नियम. आपणच ठरवलेला सौदा आपणच मोडायचा आणि वर पोचायची अपेक्षा धरायची, हे पाइपवाल्याच्या मुलीला पटेना.

"तू हो पुढं," ती अनुजाला म्हणाली. "मी येतो. ह्याच गाडीनं येतो."

अनुजानं वाफाळणाऱ्या एसटीकडे बघितलं, मग मैत्रिणीकडे. अक्काताई मात्र मोटारीच्या मागच्या सीटकडे बघत होत्या. "प्राची," त्या जरा घुटमळत म्हणाल्या, "माझं एक उरलंय. मी फुडं जाऊन जागा धरू काय?"

"आत्या, पप्पा म्हणाल्यात घरातलं मोठं माणूस संगं पायजे."

"व्हय की," अक्काताई म्हणाल्या आणि सावरून बसल्या. मोटार गेली तेव्हा त्यांनी बारीक उसासा टाकल्याचं प्राचीला ऐकू आलं. आत्याला बसून कंटाळा आला असेल, असं तिला वाटलं.

आता उरले चौघं. स्वप्नालीनं डेपोला फोन लावला. तिकडून सांगण्यात आलं की मेकॅनिक संध्याकाळी येईल, नाहीतर पाणी घालत घालत हळूहळू सांगलीच्या डेपोत आणा, मात्र गाडीत प्रवासी नकोत. स्वप्नालीनं फोन ठेवून दोघींकडे हताश नजरेनं बघितलं.

कृष्णात मात्र वेगळाच विचार करत होते. ते शाहूवाडीकडचे, डोक्यावर टोपी, कपाळाला गुलाल. "मी दर वरसाला जोतिबाचं खेटं चालत करतो," ते म्हणाले. "पाच रविवार, अनवाणी. एकदा चौथ्या खेट्याला पाय दुखतोय म्हणून मेव्हण्याच्या मोटरसायकलीवर बसलो. घरात येऊन बघतोय तर म्हस आटलेली. नियमातल्या माणसाला रस्त्यात सोडून मी जायचा न्हाय. ह्या दोघी प्रवासी न्हाईत. पाणी घालायला घेतलेल्या हायत."

"पाणी मी आणतो," प्राची म्हणाली आणि गाडीतला पत्र्याचा डबा घेऊन उसाच्या बांधावरून निघाली.

विहीर जवळच होती. डबा भरून, निम्मा पँटवर सांडून ती परत आली. कृष्णात ओतणार तोच अक्काताई पुढं झाल्या. त्यांच्या पिशवीत पाणी गाळायचं फडकं कायम असे. त्यांनी ते दुहेरी करून रेडिएटरच्या तोंडावर धरलं.

"मावशी, इंजनाला पाजायचंय, माणसाला न्हाय."

"इंजन तापलंय न्हवं? त्यात पाण्यातलं बारीक जीव पडलं तर शिजतील की. गाळून घाला."

कृष्णात यांनी गाळून घातलं. गाडी चालू करायला ते वर चढणार, तर अक्काताईंनी फडकं प्राचीच्या हातात दिलं. गाळल्यावर फडक्यात जे जीव राहतात ते ज्या पाण्यातून आणले त्याच पाण्यात परत सोडायचे असतात. दुसरं पाणी चालत नाही. प्राची परत बांधावरून विहिरीवर गेली, फडकं उलटं करून झटकलं, आणि धावत आली.

अशी ती गाडी सांगलीकडे निघाली. दोन-तीन किलोमीटर जायची, फुसकारायची, थांबायची. एकदा ट्यूबवेल, एकदा हॉटेलातली टाकी, एकदा लग्नाच्या मांडवातला पिंप. दर वेळी प्राची धावत जायची, धावत यायची, गाळायची, आणि फडकं घेऊन परत धावायची. लग्नाच्या मांडवात फडकं झटकायला आलेली मुलगी बघून वरमाय म्हणाली, ही कुणाकडची पद्धत म्हणायची. बूट पांढरे होते हे आता सांगूनही कुणाला पटलं नसतं. केस सोडायचे की बांधायचे हा प्रश्न सुटला होता, कारण ते इंजनाच्या फॅनच्या वाऱ्यानं आपलेच एका बाजूला उभे राहिले होते. चार वाजून गेले तरी अनुजाचा निरोप येईना. प्राचीनं फोन पिशवीत टाकला. पहिली दोन गाणी गेली असतील. गेली तर गेली. तिसऱ्याला पोचायचं.

जयसिंगपूरनंतर स्वप्नालीच डबा घेऊन उतरायला लागली. "तू बस गं," ती म्हणाली. "हितनं फुडं मीच आणतो. आणि ते फडकं द्या, मावशी. आता आम्हालाबी सवय झाली."

सांगलीत शिरताना कृष्णात यांनी मैदानाच्या कोपऱ्यावर गाडी उभी केली. डेपोत नळी बसवून हीच गाडी सात वाजता कोल्हापूरला परत निघणार होती. "हीच," ते बोट दाखवत म्हणाले. "नंबर बघून ठेवा. चाकं त्याच गाडीची."

प्राची गाडीच्या तोंडाकडे बघत राहिली. तेच वाहन. जाताना धरलेलं, अजून न संपलेलं. परतीचा प्रश्न तिनं सोडवायच्या आधीच सुटला होता. तिनं आत्याकडे बघितलं. अक्काताईंनी मान हलवली. एक वाहन ते एकच वाहन, कितीदा बसलं तरी.

मग दोघी धावल्या. अक्काताई धावल्या असं म्हणणं बरं नाही, पण त्या नेहमीपेक्षा भराभर चालल्या एवढं खरं. अनुजानं फाटकावर ठेवलेलं तिकीट प्राचीनं घेतलं, आत्याचं तिथंच काढलं आणि दोघी आत शिरल्या. मंचावर माईकपुढं एक गृहस्थ उभे होते. गळ्यात हार, हातात कागद.

"...आणि म्हणून आजच्या तरुण पिढीनं," ते म्हणत होते.

पुढच्या रांगेत अनुजा दोन्ही हातांत डोकं धरून बसली होती. गार हवेच्या मोटारीतून ती साडेतीनला पोचली होती. तेव्हापासून तिनं स्वागत, प्रास्ताविक, तीन सत्कार आणि कॉलेजचा इतिहास ऐकला होता. "तू नशीबवान हाईस," ती प्राचीला म्हणाली, आणि मग तिला प्राचीचे बूट दिसले.

भाषण संपलं आणि 'सातवा मजला'ची चारही पोरं मंचावर आली. पहिल्या ठोक्याला मैदान उभं राहिलं. प्राची ओरडली, नाचली, घसा बसेपर्यंत गायली. जी गाणी तिनं एकटीनं कानात घालून ऐकली होती ती हजार तोंडांतून एकदम निघताना तिच्या अंगावर काटा आला. रस्ताभरचं पाणी तिला हलकं वाटलं.

मधूनमधून तिला आत्याची आठवण होई आणि चुकल्यासारखं वाटे. अक्काताई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. डोळे मिटलेले, ओठ हलत होते, बोटं माळेवर. बिचारी देवाचं नाव घेत कसाबसा वेळ काढतेय, असं प्राचीला वाटलं. सूर्य कलला तसा त्यांनी डबा उघडला, आणि त्या दणदणाटात शांतपणे मेथीची भाकरी खाल्ली. शेजारच्या दाढीवाल्या पोरालाही दिली. मग पाणी पिऊन, तोंड पुसून पुन्हा डोळे मिटले.

"आत्या, फार त्रास झाला न्हवं?" प्राचीनं वाकून विचारलं.

"ते तिसरं गाणं," अक्काताई म्हणाल्या, "परत म्हणत न्हाईत काय?"

"वन्स मोअर म्हणावं लागतंय."

"मग म्हण की. तुझा आवाज मोठा हाय."

प्राचीनं म्हटलं. दाढीवाल्यानंही म्हटलं. ते गाणं पुन्हा झालं, आणि या वेळी अक्काताई डोळे उघडे ठेवून, मान पुढं काढून ऐकत होत्या.

सात वाजता स्टँडवर कोल्हापूरच्या दोन गाड्या रिकाम्या गेल्या. दोघी बसल्या नाहीत. तिसरी आली ती कृष्णात यांची. नवी नळी, तोच नंबर. स्वप्नालीनं पुढची जागा राखून ठेवली होती.

कोल्हापूर स्टँडवर अभिनंदनराव शेजाऱ्याची स्कूटी मागून आणून उभे होते; घरची चिराग घेऊन गेला होता. दिवसभर त्यांना फोनवर तुकड्या-तुकड्यांनी जे कळलं होतं त्यावरून त्यांनी एवढंच गोळा केलं होतं की मुलगी एसटीला पाणी पाजतेय. दोघी धडधाकट उतरलेल्या बघून ते इतके निवळले की, तिघंही एका स्कूटीवर बसू, एक दिवस चालतंय, असं म्हणाले.

"मला रिक्षा बोलव," अक्काताई म्हणाल्या. "माझं एक शिल्लक हाय."

"आणि प्राची?"

"तिची संपली. ती चालत येणार."

"एकटी?"

"कशी एकटी?" अक्काताई रिक्षात बसता बसता म्हणाल्या. "घरातलं मोठं माणूस संगं पायजे म्हणालास न्हवं?"

रिक्षा निघून गेली. अभिनंदनरावांनी एकदा मुलीकडे बघितलं, एकदा स्कूटीकडे. "मी ढकलतो, तू नुसती बस," ते म्हणाले. प्राचीनं चाकांकडे बोट दाखवलं. मग बाप स्कूटी ढकलत आणि लेक चिखलाचे बूट वाजवत, अशी दोघं परीख पुलाखालून घराकडे निघाली. चढाला लागल्यावर त्यांनी धापा टाकत अक्काची बाजू घेतली. किती सोसलं बिचारीनं. तुझ्या त्या आरडाओरड्यात बसली, एक शब्द बोलली नाही. आता बारावी होईपर्यंत पुन्हा नाव काढायचं नाही. प्राचीनं मान हलवली. ती खरोखरच ओशाळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभिनंदनराव चहा घेत होते. देवघरातून अक्काताईंचा आवाज येत होता. त्या भगवान बाहुबलींचं भजन म्हणत होत्या. शब्द जुनेच, पण चाल कधी न ऐकलेली. मध्येच वर चढणारी, मग एकदम थांबून खालच्या सुरावर हळूच येऊन टेकणारी.

"व्वा," अभिनंदनराव डोळे मिटून म्हणाले. "ह्याला म्हणायचं संगीत. काय शांत वाटतंय. शाहूपुरीवाल्यांच्या बापजन्मात अशी चाल न्हाय निघायची. ऐक प्राची, जरा शिक."

प्राची ऐकतच होती. बिस्किट चहात बुडून तळाला गेलं तरी तिचा हात तसाच होता. कारण हे गाणं तिला पाठ होतं. काल मैदानावर ते दोनदा झालं होतं, आणि दुसऱ्यांदा तिनंच ओरडून मागितलं होतं.

भजन संपलं. अक्काताई पदर सावरत बाहेर आल्या, भावापुढं खारी सरकवली आणि भाजीचा भाव विचारावा तशा हळूच म्हणाल्या, "प्राची, ती पोरं बेळगावला कधी हायत म्हणालीस? त्या दिवशी वाहनं जरा सढळ धरूया."